भंडारदऱ्याच्या जंगलात तंबूतला मुक्काम: जागा, सामान आणि रात्रीची तयारी

तंबूतल्या मुक्कामाचा बेत ठरला की बहुतेक जण आधी सामानाची यादी करायला बसतात. भंडारदऱ्याच्या परिसरात तरी हा क्रम उलटा हवा. कोणत्या महिन्यात जायचं, कोणाच्या जमिनीवर तंबू लावायचा आणि तिथे किती वाजता पोहोचायचं, एवढं पक्कं झालं की यादी आपोआप लहान होते. हे न ठरवता गेलात, तर महागडा तंबूसुद्धा रात्री दोन वाजता गळतो नाही तर उडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे. त्याच्या सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल ही गावं वसली आहेत. यातला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी, बारी करत शेंडीला पोहोचता येतं. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता सरळ आहे. एसटीने येणाऱ्यांनी घोटीला, रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून पुढे जीप पकडावी. परतीच्या जीपची वेळ मात्र उतरतानाच विचारून ठेवावी, कारण संध्याकाळी गाड्या पटकन कमी होतात. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे घोटीत किंवा राजूरमध्येच घ्या. जलाशयाच्या पलीकडच्या गावांत मोबाइलला रेंज असेलच असं नाही आणि रेंज नसली की ऑनलाइन पैसे देणंही अडतं.

महिना कोणता

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सर्वांत चांगला. आभाळ स्वच्छ असतं, जमीन कोरडी झालेली असते, साप-विंचवांची हालचाल मंदावलेली असते. अडचण असते ती थंडीची आणि दवाची. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान दहा अंशांखाली उतरू शकतं. जलाशयाच्या काठाला ते आणखी बोचतं, कारण थंड जड हवा उतारावरून खाली येऊन तिथेच साचते.

ऑक्टोबर फसवा असतो. डोंगर हिरवेगार दिसतात, पण परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि माती आतून ओलीच असते. मार्च ते मे दिवसभर ऊन तापतं, गवत वाळतं, वणव्याचा धोका सर्वाधिक असतो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात स्वतःचा तंबू घेऊन जाण्याचा विचारही करू नका. पावसाळ्यात यायचंच असेल तर गावातलं पक्कं घर किंवा ओट्यावर, पक्क्या छपराखाली उभारलेला तंबू घ्या.

काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिला मोठा पाऊस स्थिरावेपर्यंत असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लुकलुकतात. हाच काळ वळवाच्या वादळांचाही आहे. म्हणून काजव्यांसाठी जाताना पक्क्या छपराखालचा तंबू हा दुसरा पर्याय ठेवा आणि घरातली खोली पहिला. या दिवसांत गर्दीमुळे वन विभाग रात्रीच्या प्रवेशाच्या आणि वाहनांच्या वेळांवर निर्बंध घालतो, तेव्हा निघण्यापूर्वी यजमानाकडून चालू वर्षाचे नियम विचारून घ्या. झाडाजवळ गाडीचे दिवे बंद, मोबाइलचा फ्लॅश बंद, विजेरीवर लाल जिलेटिन कागद. झाडाखालच्या गवतात शिरू नका. माद्या बहुधा खालीच बसलेल्या असतात, पायाखाली चिरडल्या गेल्या की पुढच्या वर्षीचे काजवेच गेले.

जागा ठरवताना

अभयारण्याच्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. तिथे रात्री राहायला वन विभागाची परवानगी लागते. व्यवहार्य मार्ग म्हणजे गावातल्या शेतकऱ्याच्या मालकीच्या जागेवरचा मुक्काम. फोन कराल तेव्हा हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं गोलमोल आली तर दुसरी जागा बघा:

– जमीन मालकीची आहे की जलसंपदा किंवा वन खात्याची? धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या जागेवर लावलेले तंबू कारवाईत उठवले गेले तर तुमची रात्र रस्त्यावर जाते.
– त्या रात्री एकूण किती तंबू आणि किती माणसं असतील? आठ-दहा माणसांमागे एक संडास एवढं प्रमाण तरी हवं.
– संडासाचं पाणी कुठे जातं? शोषखड्डा आहे की थेट जलाशयाच्या उतारावर सोडलं आहे?
– स्पीकर लागतो का? रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे. पण बुकिंगच्या आधी विचारलेलं बरं, रात्री अकरा वाजता भांडण्यात अर्थ नाही.
– रात्री जागेवर कोण राहतं? यजमानांपैकी एक तरी मोठं माणूस आणि एक गाडी तिथे असायलाच हवी.

फोटोंवर विसंबू नका. हिवाळ्याच्या सुरुवातीला तंबूपासून वीस पावलांवर दिसणारं पाणी मे महिन्यात चिखलाच्या पट्ट्यापलीकडे बरंच दूर गेलेलं असतं. व्हिडिओ कॉल करून आजची जागा दाखवायला सांगा. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला ती देऊ नका.

पलंग, गादी आणि जोडलेलं स्नानगृह असलेला ग्लॅम्पिंगचा स्विस तंबू घेणार असाल तर तपासायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या. विजेची वायर कापडाच्या शिवणीतून उघडी तर गेलेली नाही ना, गिझरला अर्थिंग आहे का, दोन तंबूंमध्ये किमान तीन मीटर अंतर आहे का, अग्निशामक कुठे टांगला आहे, हे पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी बघा. कापडी छताखाली हीटर किंवा डास पळवणारी कॉइल लावायची नाही. प्लॅस्टिकचे पारदर्शक घुमट फोटोत सुंदर दिसतात, पण उन्हात लवकर तापतात आणि पहाटे आतून ठिबकतात. त्याच पैशांत कॅनव्हासचा, वर वेगळं छप्पर असलेला तंबू मिळत असेल तर आम्ही तोच सुचवू.

पोहोचण्याची वेळ

दुपारी चारच्या आत जागेवर पोहोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराची सावली त्याच्याही आधी पडते. उजेडात पोहोचलात की जमीन दिसते, डोक्यावरची फांदी दिसते, पाणी कुठून कुठे वाहतं ते कळतं. अंधारात तंबू लावणारे नेमक्या चुकीच्या जागा निवडतात, कारण विजेरीच्या झोतात सगळीच जमीन सपाट दिसते. म्हणून मुंबई-पुण्याहून निघताना जेवणाचे थांबे कमी करा, आणि जलाशयाची सुमारे चाळीस किलोमीटरची प्रदक्षिणा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. एकाच मुक्कामात कळसूबाई शिखर आणि साम्रदजवळची सांदण दरी दोन्ही कोंबू नयेत. १६४६ मीटरच्या कळसूबाईला बारीतून चढायलाच तीनेक तास लागतात.

तंबू कुठे, कसा

नोव्हेंबरनंतर इथे बऱ्याचदा भातखाचरात तंबू लागतात. कापणी झालेली असते, जमीन सपाट असते. तिथे दोन गोष्टी बघा. एक, भाताची धसकटं: ती कापडी तळाला भोकं पाडतात, म्हणून तंबूच्या मापाची जागा खुरप्याने साफ करून घ्या. दोन, भेगा: वाळलेल्या खाचरातल्या भेगा आणि बांधातली बिळं साप-उंदरांची असतात. बांधापासून तीन-चार मीटर आत या. खाचराला चारी बाजूंनी बांध असतो, त्यामुळे अवकाळी पाऊस पडला तर पाणी आतच साचतं. आभाळ भरलेलं असेल तर खाचर सोडून वरच्या मुरमाड उंचवट्यावर जा.

वाळकी फांदी, मोहोळ असलेलं झाड, कोरडा ओढा आणि एकटं उंच झाड, या चौघांपासून लांब राहा. आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर किंवा कड्याला लटकलेलं असतं. धूर, अत्तराचा उग्र वास आणि दगडफेक यांनी ते उठतं. घाटघरच्या कोकणकड्याच्या बाजूला रात्री वारा जोरात येतो. तिथे तंबूची अरुंद किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे करा आणि दार त्याच्या विरुद्ध दिशेला. पाण्याच्या काठापासून तंबू निदान तीस मीटर दूर आणि दोन-तीन मीटर उंच हवा. झोपताना डोकं चढाकडे.

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या म्हणजे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून मावणारी माणसं. तिघांसाठी चार जणांचा तंबू घ्या. माणशी साठ सेंटिमीटर रुंदी हे किमान माप आहे. दुहेरी कापडाचा तंबू हवा: आत जाळीचा, वर जलरोधक आवरण. आवरणाची जलरोधकता (पाणी झिरपू न देता कापड पेलतं त्या पाण्याच्या स्तंभाची उंची) २००० मिलिमीटर आणि तळाची ३००० मिलिमीटर असली की इथल्या हिवाळ्याला पुरे.

लावायचा क्रम असा: आधी खाली ताडपत्री, तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान दुमडून. ती बाहेर डोकावली तर आवरणावरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडून थेट तळाखाली जातं. गळक्या तंबूच्या बऱ्याच तक्रारींचं कारण हेच असतं. मग तळाचे चार कोपरे ताणून खिळे ठोका, मग दांडे घाला, मग आवरण. खिळा ४५ अंशांत, त्याचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं. तंबूसोबत येणारे तारेचे खिळे इथल्या मुरमात वाकतात. म्हणून वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीचे आठ-दहा लोखंडी खिळे आणि छोटी हातोडी सोबत न्या. जमिनीत कातळ लागला तर दोरी डोक्याएवढ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. ताण-दोऱ्या वारा नसला तरी बांधाच, कारण वारा सुटतो तो मध्यरात्री. अंधारात पाय अडकू नये म्हणून दोरीला पांढरी चिंधी बांधा.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की लोक दुकानदाराला दोष देतात. ते बहुतेक वेळा गळती नसून आपल्याच श्वासाची वाफ असते. बाहेरचं कापड थंड पडलं की ती त्यावर पाणी होऊन बसते. उपाय एकच: थंडी वाजली तरी वरची हवेची खिडकी आणि दाराचा वरचा चार बोटं भाग जाळीवर ठेवून उघडा ठेवा. आतल्या आणि बाहेरच्या कापडाचा स्पर्श होऊ देऊ नका, ओले कपडे आत वाळत घालू नका.

झोप

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. पैसे मोजायचे असतील तर आधी चांगल्या चटईवर खर्च करा. निदान दहा मिलिमीटर जाडीची फोमची चटई, आणि मिळाली तर तिच्याखाली घोंगडी. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' लिहिलेलं बघा, ते पाच अंशांच्या आसपास असावं. त्याखालचं टोकाचं तापमान हे जीव वाचवण्याचं माप आहे, झोप लागण्याचं नव्हे. भाड्याची बॅग असेल तर आतून घालायला सुती चादर पिशवीसारखी शिवून न्या. झोपण्यासाठी मोज्यांचा एक कोरडा जोड आणि कानटोपी वेगळी ठेवा. दिवसभर घातलेले मोजे घामाने ओले असतात, त्यांत पाय रात्रभर गारच राहतात.

आणि हे ठळकपणे सांगायला हवं: तंबूत शेगडी, कोळसा, निखाऱ्यांचं घमेलं, गॅस काहीही पेटवून ठेवायचं नाही, विझत आलेलं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. थंडी वाजत असेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी घ्या.

पाणी आणि स्वयंपाक

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा. चौघांच्या एका मुक्कामाला वीस लिटरचा एक जार. हात-भांडी धुण्याचं पाणी वेगळं, ते यजमानाकडे मिळतं. जलाशयाचं किंवा ओढ्याचं पाणी प्यायची वेळ आलीच तर फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

रात्रीचं जेवण यजमानाकडेच सांगावं, असं आमचं मत आहे. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-वरण हे चुलीवर होतं आणि पैसे त्याच घरात राहतात. फक्त माणसांचा आकडा आणि जेवायची वेळ आदल्या दिवशी कळवा. भाकरी एका वेळी एकच थापली जाते, आयत्या वेळी वाढलेल्या पाच माणसांसाठी त्या घरातल्या बाईला रात्री पुन्हा चूल पेटवावी लागते.

स्वतः रांधायचं असेल तर चौघांच्या खिचडीला ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ, सुमारे दोन लिटर पाणी. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले आणि पाच लिटरचा कुकर नेला तर गॅस बराच वाचतो. सकाळच्या पोह्यांना ३०० ग्रॅम जाडे पोहे आणि दोन मोठे कांदे. हळद, हिंग, मोहरी, मीठ घरूनच मोजून एका डबीत बांधा. एवढ्याला आणि तीनदा चहाला २३० ग्रॅमचा एक गॅसचा डबा पुरतो, तरी दुसरा जवळ ठेवा. वाऱ्यात ज्योत उडते आणि गॅस दुप्पट जातो. आडोसा वाऱ्याच्या एकाच बाजूला करा. चारी बाजूंनी पत्रा लावला की उष्णता डब्यावर परतते आणि डबा फुटू शकतो. पहाटे ज्योत बारीक वाटली तर गॅस संपलेला असेलच असं नाही. डब्यातला ब्यूटेन थंडीत नीट वायुरूप होत नाही. डबा दहा मिनिटं शालीत गुंडाळून हातांनी ऊब द्या. त्याला आगीजवळ नेऊ नका.

उरलेलं अन्न उघडं टाकू नका. माकडं आणि कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येऊ शकतो. डबे गाडीत ठेवा. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, संडासला दोघांनी मिळून, विजेरी घेऊन, आपसात बोलत जावं.

शेकोटी

अभयारण्यात आणि राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. मालकीच्या जागेवर यजमानाने ठरवलेल्या जागीच शेकोटी करा: भोवती तीन मीटर गवत साफ केलेलं, खड्डा वीतभर खोल, शेजारी भरलेल्या दोन बादल्या. लाकूड यजमानाकडून विकत घ्या, जंगलातली पडलेली लाकडंही उचलू नका. पडलेलं लाकूड किडे, बुरशी आणि सरड्यांचं घर असतं. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हाताचा मागचा भाग धरून ऊब लागली तर आग विझलेली नाही. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते, तेव्हा त्या दिवसांत शेकोटी टाळावी, यजमान हो म्हणाला तरी.

साप, वीज आणि पाणी

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. म्हणून तंबूची जाळी कायम बंद ठेवा, बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री कोणाला पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळायला त्रास झाला, तर खूण शोधत बसू नका, रुग्णालय गाठा. घोणस आणि फुरसं पाल्यापाचोळ्यात असतात. पायांत घोट्यापर्यंतचे बूट घाला, हातात विजेरी ठेवा. साप चावल्यावर काप देणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय न हलवता आधार देऊन बांधा आणि १०८ वर फोन करा. जवळचं कोणतं रुग्णालय सर्पदंशाची लस ठेवतं, हे यजमानाला मुक्कामाला पोहोचताच विचारून कागदावर लिहून ठेवा. रेंज नसेल तर तो कागदच कामी येतो.

वीज चमकू लागली की तंबू सोडा. गाडीत किंवा पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

जलाशयात पोहायला उतरू नका. काठाचा गाळ पाय धरतो आणि पुढे एकदम खोली लागते. होडीत बसायचं तर जीवरक्षक जाकीट आधी, मग पाय होडीत. गाडीही काठाच्या गाळावर नेऊ नये, वरून वाळलेला पापुद्रा दिसतो आणि चाक आत रुतून बसतं.

निघताना आणि घरी आल्यावर

ऊन वर येऊन आवरण कोरडं होईपर्यंत, साधारण नऊ-साडेनऊपर्यंत तंबू काढू नका. आधी आवरण काढून दांड्यावर उलटं टाका. तळ वर करून ऊन दाखवा. खिळे मोजून घ्या, एक जरी जमिनीत राहिला तरी नांगरताना बैलाच्या खुरात जातो. कचऱ्याच्या दोन पिशव्या ठेवा. ओला कचरा यजमानाला विचारून त्याच्या खतखड्ड्यात टाका. प्लॅस्टिक, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड आणि रिकामा गॅसचा डबा आपल्या गाडीतून शहरात परत न्या, कारण गावात हा कचरा नेणारी घंटागाडी नसते आणि शेवटी तो जाळला जातो.

घरी पोहोचल्यावर थकवा असतो, तरी तंबू त्याच दिवशी गच्चीत किंवा पंख्याखाली उघडून ठेवा. दमट तंबू पिशवीत दोन दिवस राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि असं वारंवार झालं की आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो. तो थर पुन्हा नीट बसवता येत नाही. पूर्ण वाळल्यावर चेनमधली माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. मगच तो सैलसर गुंडाळून माळ्यावर टाका.